ह्या कापडाचं पोर बघितलं का?

गावातल्या बबन टेलरच्या मशीनखाली कापडाची कात्रणं साठतात, तसे आमच्या घरात हे किस्से साठलेत. मुद्दाम कुणी जमवले नाहीत. आमची चुलत भावंडं देशोदेशी पांगली, आणि त्यांचा फोन आला की थोरल्या काकीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिकडं लोकं घालतात काय?"

पगार, घर, थंडी, यातलं तिला काही नको असतं. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या अंगावर काय आहे तेवढं सांगा. मग त्यावर ती एकच वाक्य बोलते, आणि ते वाक्य पुढची दहा वर्षं आमच्या घरात फिरत राहतं.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या अलीकडे. आम्ही चौघं एका घरात वाढलो. प्रकाश जपानमध्ये मोटारींच्या कारखान्यात आहे, सुलभाताई जर्मनीत नर्स आहे, आणि काकीचा एकुलता एक नंदू नायजेरियात, लागोसला, प्लास्टिकच्या कारखान्यात सुपरवायझर. मी सगळ्यात लांब गेले, शेजारच्या तालुक्यात, वाशिंदला!

*

काकीला कपड्यांचं एवढं का, ते आधी सांगते.

दरवर्षी म्हसा गावच्या जत्रेआधी थोरले काका मुरबाडच्या बाजारातून कापडाचा एक अख्खा तागा आणायचे. त्यातूनच मुलांचे शर्ट, मुलींचे फ्रॉक, उरलं तर उशीचे अभ्रे. पोरं आणि उशा एकाच कापडात. नव्या कापडाच्या खळीने मान खाजायची, आणि त्या खळीचा वास आला की मला अजून जत्रेच्या बैलबाजारातली धूळ आठवते.

स्वस्त पडायचं हे खरंच, पण काकीचं कारण वेगळं होतं. जत्रेला निघताना ती त्याच ताग्याची एक चिंधी पदराच्या टोकाला बांधायची. गर्दीत पोर दिसेनासं झालं की गाठ सोडायची आणि दिसेल त्याच्यापुढे चिंधी धरायची, "ह्या कापडाचं पोर बघितलं का?" नाव, रंग, उंची सांगत बसायची गरजच नाही.

एका वर्षी पोपटी कापड होतं, पांढऱ्या ठिपक्यांचं. त्या वर्षी नंदू हरवला. काकीने चिंधी काढली. एका घोंगडीवाल्याने लगेच सांगितलं, "ते काय, पाळण्यापाशी उभं हाय." काकी गेली, मागूनच धपाटा घातला, दंडाला धरलं आणि ओढत आमच्या बैलगाडीपाशी आणलं.

काका म्हणाले, "हा कोण गो?"

पोरगं भलतंच होतं! दुकानदाराने त्याच कापडाचा दुसरा तागा आणखी कुणाला तरी विकला होता. धपाटा खाऊन ते बिचारं असं घाबरलं होतं की निमूट चालत आलं. मग सगळी वरात माइकच्या मंडपात. हरवलेल्यांना तिथे बसवून ठेवतात. माइकवाल्याने विचारलं, "तुमचं हाय का हे?"

काकी म्हणाली, "कापड आमचंच हाय. पण पोरगं आमचं नाय."

तेवढ्यात समोरून दुसरं कुटुंब आलं. त्यांच्या आजोबांच्या कडेवर नंदू, दोन्ही हातांत जिलेबी. आमच्याकडे यायला तयार नव्हता.

*

प्रकाश जपानला गेला तेव्हा पहिल्याच आठवड्यात काकीला म्हणाला, "इथं सकाळी स्टेशनवर उभं राहिलं की वाटतं, सगळं गाव दहाव्याला निघालंय." काळा सूट, काळे बूट, काळी बॅग, बायकांचेही कोट काळे नाहीतर निळे. कुणी कुणाकडे बघत नाही, कुणाची इस्त्री मोडलेली नाही.

काकीने विचार केला. "म्हणजे अख्ख्या देशाला एकच तागा. मग हरवलं तर शोधतात कसं रे?"

काका गेल्यावरही काकी तागा आणायची थांबलेली नाही. आम्ही माप पाठवायचं, बबन टेलर शिवतो, आणि कुणी येणारं-जाणारं असेल त्याच्याबरोबर कपडा परदेशी जातो. एका वर्षी प्रकाशला भगवा शर्ट गेला, त्यावर काळे घोडे. त्याला काय सुचलं देव जाणे, एका शुक्रवारी तो घालून कारखान्याच्या ऑफिसात गेला.

दिवसभर कुणी अवाक्षर काढलं नाही. संध्याकाळी साहेब हळूच जवळ आले आणि कमरेत वाकून म्हणाले, "आज तुमचा काही सण आहे का?"

प्रकाश म्हणाला, "हो." दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी ऑफिस त्याला शुभेच्छा देतं. केकसुद्धा आणतात.

*

हेच साहेब एकदा भारतात आले. प्रकाश त्यांना घेऊन वाशिंदला माझ्याकडे आला. सकाळी साहेब बाल्कनीत चहा पीत उभे. खाली आमच्या सोसायटीच्या बायका दूध, कोथिंबीर आणायला निघालेल्या, त्यांच्या नेहमीच्या थाटात. फुलाफुलांचा गाऊन, आणि त्यावर अब्रू झाकायला ओढणी.

साहेब भारावून गेले. म्हणाले, "तुमच्या भागाचा पारंपरिक पोशाख फार सुंदर आहे. बायकोसाठी कुठे मिळेल?"

मी प्रकाशकडे बघितलं, प्रकाशने छताकडे. इतका मान देऊन विचारणाऱ्याला काय समजावणार! शेवटी स्टेशनजवळच्या दुकानातून जांभळा गाऊन घेतला आणि वर माझी एक चांगली ओढणी दिली.

नवीन वर्षाला फोटो आला. कंपनीची मेजवानी, सगळे काळ्या सुटांत, आणि मधोमध साहेबांची बायको गाऊन घालून, ओढणी नीट खांद्यावर घेऊन, हसत उभी.

काकीने चष्मा लावून फोटो बराच वेळ बघितला. "शोभतंय हो तिला," म्हणाली.

*

सुलभाताईचं म्हणणं, जर्मनीत माणूस भाजी आणायला निघाला तरी डोंगर चढायला निघाल्यासारखा दिसतो. पाणी न लागणारं जॅकेट, जाड तळाचे बूट, पाठीला सॅक. पण ती जिथे काम करते त्या वृद्धाश्रमातली एक आजी रोज मोत्याचे कानातले आणि गळ्याला रेशमी रुमाल घातल्याशिवाय खोलीबाहेर येत नाही. खोलीबाहेर म्हणजे कुठे, तर जेवायच्या टेबलापर्यंत. ताई रोज तिच्या रुमालाची गाठ मारून देते. मला ही आजी न बघताच आवडते.

तर एकदा ताईने तिथल्या मुलींचा फोटो पाठवला. पुरुषांचे ढगळ शर्ट, बाह्या दुमडलेल्या, गुडघ्यापर्यंत बूट. तिकडची नवी फॅशन.

काकी म्हणाली, "भाताच्या आवणीला निघाल्यात काय गो ह्या?"

ताईने मग काकीचाच फोटो मागवला. मी आवणीच्या दिवशी बांधावर उभी राहून काढून दिला. काकी गुडघाभर चिखलात, कासोटा मारलेलं लुगडं, डोक्याला टॉवेल, आणि वर काकांचा फुल शर्ट. काका गेले तरी त्यांचा शर्ट ती दर आवणीला घालते. फाटला तर ठिगळ लावते, टाकत नाही.

तो फोटो बघून ताईच्या बरोबरची नर्स खुळावलीच. तिने विचारलं, "यांचे कपडे कोण ठरवतं?"

मी काकीला प्रश्न सांगितला.

"पाऊस," काकी म्हणाली, आणि रोपांच्या पुढच्या मुठीला हात घातला.

*

आता नंदू.

काका गेले तेव्हा नंदूला येता आलं नाही. त्याचा पासपोर्ट कसल्याशा कामासाठी जमा होता. सुटून हातात आला तोवर दहावं-तेरावं सगळं उरकलं होतं. मग तो आलाच नाही. कुठल्या तोंडाने येऊ, असं तो मला एकदा म्हणाला होता. काकी त्याला ये म्हणायची नाही, तो येतो म्हणायचा नाही. दोघं फोनवर फक्त कपड्यांबद्दल बोलायची.

तागा आला की नंदूचा वाटा काकी आधी फाडून घ्यायची. आम्ही सगळे माप पाठवायचो. नंदू म्हणायचा, "पाठवतो." पाठवायचा नाही. मग तो वाटा न शिवताच पेटीत जायचा. दरवर्षी एक. मला त्या पेटीचा राग यायचा, आणि नंदूचा त्याहून जास्त. माणसाने एकदा तोंड दाखवावं, म्हातारीने दोन शिव्या द्याव्यात, मोकळं व्हावं. पण आमच्या घरात सरळ काही होत असतं तर काय हवं होतं.

लागोसबद्दल तो रंगात येऊन सांगायचा. तिथे रंगाला कुणी भीत नाही म्हणे. बँकेतला माणूस शुक्रवारी जांभळा झगा घालून येतो, त्यावर पंखे छापलेले. बाजारातल्या बाईच्या डोक्याला असा कडक फेटा, की रिक्षात बसताना मान वाकडी करावी लागते. आणि सगळं शिवून घेतलेलं. गल्लीगल्लीत बबन टेलर!

एकदा त्याने लग्नातून व्हिडिओ कॉल केला. कारखान्यातल्या मित्राच्या बहिणीचं लग्न. मांडवात शेकडो माणसं, आणि नवरीकडच्यांच्या अंगावर एकच कापड. आत्या, मावश्या, म्हातारे, तान्ही पोरंसुद्धा, सगळी एका ताग्यातली. तिकडची रीतच आहे ती. त्यांनी नंदूलाही कापड देऊन झगा शिवायला लावला होता. निळा, त्यावर हातभर लांबीचे पिवळे मासे.

"आई, बघ," नंदू म्हणाला. "आपल्यासारखंच."

काकी फोन डोळ्यांजवळ धरून बघत राहिली. म्हणाली, "चिंधी कुणाकडं हाय?"

"कसली चिंधी?"

"अरे, एवढी माणसं. एखादं हरवलं तर शोधायला कोण जाणार?"

मागे ढोल वाजत होते. मग रेंज गेली, का त्याने फोन ठेवला, ते कळलं नाही. त्यानंतर त्याचे फोन कमी झाले. काकी मात्र फोन वाजला की पदराला हात पुसून धावायची.

*

यंदाची जत्रा. यंदा सुलभाताई सुट्टी काढून आली होती, प्रकाशही आला होता. तागा आकाशी चौकड्याचा. प्रकाशला शर्ट, ताईला आणि मला कुर्ते, पन्नाशीच्या उंबरठ्यावर शाळेचा युनिफॉर्म घातल्यासारखे आम्ही तिघं. नंदूचा वाटा पेटीत. आणि काकीच्या पदराला चिंधी.

मी म्हटलं, "काकी, आता कोण हरवणार आहे?"

"तू गप ऱ्हा गो," ती म्हणाली.

घराला कुलूप घालून आम्ही सकाळीच म्हशाला पोचलो. बैल बघितले, मिठाई घेतली. दुपारी काकी एका घोंगडीवाल्याशी घासाघीस करत होती. वर कर्ण्यातून एकामागून एक पुकारा चालला होता. कुणाची आजी, कुणाची पिशवी. आम्ही ऐकतही नव्हतो.

"लक्ष द्या, लक्ष द्या. नंदू नावाचं पोर हरवलेलं आहे. टोकावड्याकडचं. वय..." इथे माइकवाला अडखळला. त्याने मागे कुणाला तरी विचारल्याचं ऐकू आलं. "वय सत्तेचाळीस. अंगात निळा झगा, त्यावर पिवळे मासे. त्याच्या आईनं असेल तिथून मंडपात यावं."

आजूबाजूला हशा पिकला. प्रकाशच्या हातातली मिठाईची पुडी खाली पडली. फोन का केला नाही, घर बंद दिसल्यावर हेच कसं सुचलं, हे मी नंदूला अजून विचारलेलं नाही.

काकीने घोंगडी खाली ठेवली आणि चालू लागली. आम्ही मागे. तिला गुडघ्यांचा त्रास आहे, पण त्या गर्दीत आम्हाला ती गाठता आली नाही.

मंडपात बाकावर दोन रडकी पोरं बसलेली, आणि त्यांच्या शेजारी नंदू. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, पायाशी विमानाचा टॅग लावलेली बॅग. काकीला बघून तो उठला, पण पुढे आला नाही.

माइकवाला तरुण होता, नियमाचा पक्का. म्हणाला, "आजी, ओळख पटवा आधी. असं कुणालाबी सोडत नाय आमी."

काकीने पदराची गाठ सोडली. गाठ लवकर सुटेना. चिंधी काढून तिने नंदूच्या बाहीवर ठेवली. आकाशी चौकडा, आणि खाली पिवळे मासे. तिने बाहीचं कापड दोन बोटांत धरून चोळून बघितलं. मग मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ.

माइक चालूच होता. तिने माइकवाल्याला जे सांगितलं, ते सगळ्या जत्रेने ऐकलं.

"कापड आमचं नाय," काकी म्हणाली. "पोरगं आमचं हाय."