कुंपणाबाहेरचा लव्हाळा

टर्फोसाची एकुलती एक लेक अकेयो घराच्या कुंपणाबाहेर पुरलेली होती. लग्नाआधी गेलेल्या मुलीला कुंपणाच्या आत जागा नसते, ही बोंडोकडच्या सरोवरकाठच्या गावांची रीत. आई कितीही रडली तरी रीत बदलत नाही. कुंपणाबाहेर म्हणजे सरोवराच्या बाजूला. तेव्हा पाणी लांब होतं आणि मध्ये पुरुषभर उंच लव्हाळ्याचं रान होतं. पुढे गावाने भाजीचे वाफे करायला ते रान कापलं. टर्फोसानेही कापलं; उगाच दुसऱ्यांवर खापर कशाला फोडा.

मग सरोवर दर पावसाळ्यात वर सरकू लागलं. आधी वाफे गेले, मग मासळी वाळवायची जागा गेली. तेव्हा कुठे गावाला लव्हाळा आठवला. बायकांनी गट केला. दलदलीतून मुळं उपटून आणायची आणि ज्या त्या घराने आपल्या समोरच्या काठावर लावायची. मूळ धरलं की लाटेचा जोर मोडतो, माती जागेवर राहते. टर्फोसाने आपल्या वाट्याची मुळं ओल्या पोत्यात गुंडाळून लेकीच्या थडग्यापाशी नेऊन ठेवली. लावली मात्र नाहीत.

कारण ती धाकटी. तिची सवत युनिया डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे किसुमूला गेली होती, आणि थोरलीने पहिलं बी टाकल्याशिवाय धाकटीने मातीला हात लावायचा नसतो. दोघींचा नवरा ओगुटू जाऊन कैक वर्षं झाली, पण ही पायरी काही त्याच्याबरोबर पुरली गेली नव्हती.

शेजारची सिप्रोसा गटाची पुढारीण, तोंडाची फटकळ. तिने येता-जाता टोमणे मारले.

"काय गं, मुळं पोत्यात मुरवत घातलीस का? खायचीयेत?"

"थोरली येऊ दे."

"अगं, गवत ते! मका का पेरतेयस?"

"जमिनीत लावायचं ते लावायचंच."

सिप्रोसा कपाळावर हात मारून निघून गेली. तिला काय ठाऊक! एका साली पाऊस लवकर आला आणि युनिया माहेरी होती, तेव्हा टर्फोसाने न थांबता मका पेरला होता. त्याच साली अकेयो तापाने गेली. पोरीच्या मातीला आलेल्या बायकांसमोर युनिया म्हणाली होती, "माझ्याआधी पेरलंस, आता भोग." ते वाक्य टर्फोसाच्या काळजात जे रुतलं ते कायमचं. पोर तापाने नाही, आपल्या हाताने गेली, असं ती धरून चालली होती. आता त्याच पोरीच्या उशाशी पुन्हा तीच चूक करायची?

तिने किसुमूला फोन मात्र लावला. डोळ्यांची चौकशी केली, सुनेची केली, कोंबड्यांचीही हकिकत सांगितली. तुमच्याआधी लावू का, एवढं मात्र विचारलं नाही. अकेयोचं नाव त्या दोघींमध्ये पुन्हा कधी निघालंच नव्हतं.

दिवस गेले. शेजारच्या काठावर लव्हाळ्याला कोंब फुटले. टर्फोसा रोज पोत्यावर पाणी शिंपडायची आणि थडग्यापाशी बसून राहायची. मग सलग वादळी वारा सुटला. सिप्रोसाच्या काठाची माती बरीचशी टिकली. टर्फोसाचा काठ उघडाच होता; तो ढासळत ढासळत कुंपणाला येऊन भिडला. पोतं तिने कसंबसं ओढून आणलं. लेकीला कशी ओढून आणणार?

वारा थांबल्यावर युनिया परतली. डोळ्यांवर काळा चष्मा होता. कुंपणाशी आली आणि पुढे नुसतं पाणी बघून जागीच उभी राहिली.

"न्यार उयोमा," टर्फोसाच्या माहेरगावावरून ती तिला अशीच हाक मारी, "पोर कुठाय?"

टर्फोसाने पाण्याकडे हात केला. मग पोत्यातून एक मूळ काढून थोरलीपुढे धरलं. "ताई, तुमच्यासाठी थांबले होते. आधी तुम्ही लावा."

युनियाने मूळ घेतलं नाही. चष्मा काढून खांद्यावरच्या कापडाच्या टोकाने डोळे पुसत राहिली. डॉक्टरने डोळ्यांना हात लावू नका म्हणून बजावलं होतं.

"त्या साली ताप घरोघरी होता," ती म्हणाली. "थोरलीच्या मागं पेरणाऱ्यांचीही पोरं गेली. मला ठाऊक होतं गं. तू पेरलंस याचा राग आला, म्हणून बोलले. मग ते बोलणं मागं घ्यायचं राहून गेलं."

टर्फोसाने पुढे केलेलं मूळ मागे घेतलं. इतकी वर्षं जे उरावर वागवलं ते ओझं एका वाक्यात उतरलं होतं, पण हलकं वाटायला आता तिच्याजवळ काहीच उरलं नव्हतं.

"फोनवर सांगितलं असतंत तरी चाललं असतं," ती एवढंच म्हणाली.

"तू आधी लाव," युनिया म्हणाली. "मी तुझ्या मागं लावते."

टर्फोसा मांडीभर पाण्यात उतरली. थडग्याच्या उशाचा दगड पायाने चाचपत ती कितीतरी वेळ फिरली. दगड काही लागला नाही. तेव्हा तिने अंदाजाने एक जागा धरली, वाकली आणि पहिलं मूळ चिखलात रोवलं.