गालातली पिल्लं

आमच्या लातूरच्या घरात पहिला एसी लागला तो माशांसाठी. माणसांनी पंख्याखाली उकडून निघायचं आणि समुद्राच्या माशांनी गारव्यात पोहायचं! माझ्या नवऱ्याचं कापडाचं दुकान, पण शौक नवाबाचे. हैदराबादहून कार्डिनल माशांची जोडी आणली, चांदीच्या रंगाची, अंगावर काळे पट्टे. घरात नळाचं पाणी आठवड्यातून एकदा, ते मी घागरीत जपायचं. माशांसाठी मात्र आरओचे जार यायचे आणि त्यात खास मीठ कालवलं जायचं. घर आमचं लिंगायताचं, उंबऱ्याच्या आत अंडं येत न्हाई. पण ह्यांच्या माशांचे झिंगे फ्रीजरमध्ये, फडक्यात गुंडाळून!

एका सकाळी नराचे गाल फुगलेले दिसले. ह्या जातीत मादी अंडी घालून मोकळी होते. नर ती तोंडात घेतो आणि पिल्लं बाहेर सोडेपर्यंत तीनेक आठवडे घास खात न्हाई. घाबरला तर मात्र सगळं गिळून टाकतो. हे मला ह्यांनीच सांगितलं आणि लगेच हुकूम सुटले. मिक्सर लावायचा न्हाई. भांडं आपटायचं न्हाई. माशांच्या काचेच्या टाकीवर काळं फडकं टाकलं. ऐन लग्नसराईत दुकान नोकरांवर सोडून हे टाकीसमोर पाट टाकून बसले.

मी बघून राहिले होते. माझं बाळंतपण माहेरी, मुदखेडला झालं, तेव्हाही लग्नसराईच होती. बाळ दोन दिवस जगलं. हे लातुरातून फोनवर उंटावरून शेळ्या हाकायचे, ह्या डॉक्टरला दाखवा, त्या डॉक्टरला दाखवा. तीन-चार तासांचा रस्ता! "गिऱ्हाईक टाकून कसं येऊ?" म्हणाले. बाळाच्या मातीलाही आले न्हाईत. तिसऱ्या दिवशी आले ते दुकानातली एक साडी घेऊन. त्यानंतर माझी कूस उजवली न्हाई.

विसाव्या दिवशी हे फोनवर कुणाला तरी सांगत होते, "बापाचं काम हाय हे. जागचं हलता येत न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे पाण्याचे जार आणायला बाहेर पडले, तशी मी लाटणं घेऊन उठले. फडकं ओढून काढलं आणि काच बडव बडव बडवली. नर ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात थडकला. एकदा त्याचा गळा हलला आणि गाल सपाट झाले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. फडकं होतं तसं परत टाकलं.

हे आले, मादीसाठी झिंग्याचा तुकडा टाकला. तर नरच धावून आला आणि गपकन तो खाऊन बसला. हे बघतच राहिले. मग जमिनीवर बसून हमसून हमसून रडले. आमच्या बाळासाठी माझ्यासमोर टिपूस काढलं नव्हतं ह्यांनी.

"स्वतःची पोरं गिळली हरामखोरानं," म्हणाले. "असला बाप काय कामाचा?"

"हाव," मी म्हणाले. "असला बाप काय कामाचा?"

माझ्याकडे बघितलंही न्हाई. जाळीनं नराला उचललं आणि न्हाणीत नेऊन बोअरच्या पाण्यानं भरलेल्या बादलीत टाकलं. समुद्राचा जीव गोड्या पाण्यात जगत न्हाई, हे ह्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. 'अहो, काच मी बडवली,' एवढं म्हटलं असतं तर तो वाचला असता. पण माझी जीभ उचलली न्हाई.

ह्यांनी तोंड धुतलं, चपला घातल्या आणि वीस दिवसांनी दुकानाला गेले.

नर बादलीत आडवा होऊन तोंड उघडत होता, मिटत होता. त्याला ओंजळीत घेऊन टाकीत सोडायला कितीसा वेळ लागतो? मी लाटणं धुतलं आणि पोळ्या लाटायला बसले.