प्रकाशचा रिपोर्ट आणि माढ्याचे पोहे

“शेवंताबाईनं प्रकाशसाठी माढ्याला मुलगी बघितली म्हणं, आता मेघाला…”

पलीकडच्या गच्चीवर बोलणं इथवर आलं आणि नळाला पाणी आलं. चार दिवसांनी आलेलं पाणी सोडून कोण बोलत बसतंय? बायका घागरी घेऊन पळाल्या. मेघाला काय, ते राहिलंच.

शुक्रवार पेठेतल्या माझ्या गच्चीवर आम्ही बायका कडक भाकऱ्या करून विकतो. भाकरी कडक होईपर्यंत हात रिकामे आणि तोंडं मोकळी, मग भाकऱ्यांशेजारी किश्शांचीही चवड लागते. हे किस्से मेघाच्या घरचे, तिला विचारूनच सांगतेय. ती माझ्या भिंतीपलीकडे राहते, आमच्यातच भाकऱ्या करते. नवरा प्रकाश बेकरीत भट्टीवर, सासू शेवंताबाई. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. दोष कुणाचा, हे गल्लीनं कधीच ठरवून टाकलं होतं.

*

शेवंताबाईंनी माहेराहून, केमहून, कुणाची तरी मूल होण्याच्या औषधाची पुडी आणली. रोज सकाळी मेघाला द्यायच्या. मेघा ती गुपचूप तुळशीत टाकायची. महिन्याभरात तुळस अशी फोफावली की शेवंताबाईंना संशय आला. त्यांनी माती उकरून पाहिली, हुंगली.

मला म्हणाल्या, “बघितलं? औषधात दम हाय. हिच्यातच न्हाय.”

*

शेवटी मेघा दवाखान्यात गेली. सोबत मी, मावशी म्हणून. तिचे सगळे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर म्हणाले, नवऱ्याचे करा. प्रकाशचेही पहिले चांगलेच. मग आणखी एक तपासणी झाली आणि लॅबच्या मॅडमनी तिघांना आत बोलावलं.

“आपल्या पेशीत डीएनएचा लांब धागा असतो,” मॅडम म्हणाल्या. “तो हिस्टोन नावाच्या प्रोटीनच्या मण्यांवर गुंडाळलेला असतो. पुरुषाची बीजपेशी तयार होताना हे मणी निघतात. थोडा वेळ मधली प्रोटीनं येतात, शेवटी प्रोटामिन येऊन सगळा धागा आवळून बांधतं. पुढं लांबचा प्रवास ना. यांच्यात ती बांधणी ढिली राहिलीय.”

प्रकाश चपलेकडे बघत बसला. मला राहवेना.

“म्हणजे आमच्या भाकरीसारखंच की. मऊ भाकरी प्रवासाला नेली की बुरसते. मंद आचेवर दमानं कडक केली की महिनाभर टिकते. पोचल्यावर आमटीत पडली की परत मऊ.”

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तसंच होतं. स्त्रीबीजात गेल्यावर प्रोटामिन निघतं आणि आईच्या बाजूचे हिस्टोन येतात.”

“मग जुने मणी सगळे जातात?” मी विचारलं.

“थोडे राहतात.”

“घरात सासू राहते तसे,” मी म्हटलं. तेव्हा कुठं मेघा हसली.

पुढच्या वेळी गेलो तर मॅडम दुसऱ्या जोडप्याला भाकरीच सांगत होत्या. माझं नाव घेतलं नाही.

*

नवीन बीजपेशी तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तोवर तंबाखू बंद, आणि उष्णता नको म्हणून भट्टी बंद, कढत पाण्याची अंघोळ बंद. प्रकाश भट्टीवरून काउंटरवर आला. अंघोळीची चौकशी मी भिंतीवरून करायची.

“प्रकाश, पाणी कोमट हाय ना?”

“व्हय मावशी. आता लाऊडस्पीकर लावा की.”

*

पण आईला काही तो सांगेना. रात्रंदिवस घर एक, तरी तोंड उघडेना. शेवंताबाई मेघालाच बोलत राहिल्या. कुणाकडची साखर संपली तरी माझ्या पोटात राहत नाही, आणि ही गोष्ट मी दोन महिने धरून ठेवली. कारण मेघा म्हणाली होती, “मावशी, त्यांचं त्यांना सांगू दे.”

गच्चीवरचं अर्धवट बोलणं मात्र मी तिला सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच तिची भाकरी करपली.

मग मी तडक बेकरी गाठली आणि प्रकाशलाही सांगितलं. समोर गिऱ्हाईक होतं, तरी सांगितलं. त्यानं पाव बांधून दिले आणि विचारलं, “माढ्याला कधी जायचं म्हणती आई?”

*

रविवारी जीप ठरली. पोरगा तयार झाला म्हणून शेवंताबाई खुशीत पुढं बसल्या. प्रकाशनं मागं मेघाला बसवलं. मी आपली आपणच बसले.

“ही कशाला?” शेवंताबाईंनी विचारलं.

“असू दे,” प्रकाश म्हणाला.

माढ्यात मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन आली. मुलीच्या वडिलांनी मेघाकडं बघून विचारलं, “ह्या कोण?”

“माझी बायको,” प्रकाश म्हणाला.

“बाई, तुमी तर सोडचिठ्ठी झाली म्हणाला व्हता.”

शेवंताबाई पदराशी चाळा करायला लागल्या. प्रकाशनं पिशवीतून फाईल काढून दोघांच्या पुढ्यात ठेवली.

“रिपोर्ट हाय. दोष माझ्यात हाय, हिच्यात काय न्हाय. इलाज चालू हाय. गुण येईल न येईल, पण मला दुसरी बायको करायची न्हाय.”

वडिलांनी फाईल उलटसुलट केली. “मग हितवर आला कशाला?”

“आईला सांगायचं व्हतं. घरी जमंना.”

मुलीनं पहिली बशी मेघाच्या हातात दिली.

म्हणजे माढ्याला मुलगी बघितली, एवढं खरं होतं. मी स्वतः बघितली, गुणाची आहे.

शेवंताबाईंनी आपल्या बशीतली लिंबाची फोड उचलली, बिया काढल्या आणि मेघाच्या पोह्यांवर पिळली.