उजवा हात मोकळा

“हिचा चेहरा बघा. काही न चोरताही चोर वाटते.”

किहीमच्या वाळूवर, अख्ख्या गावासमोर, मुंबईचे दिग्दर्शकसाहेब हातातल्या छडीनं माझी हनुवटी वर करून म्हणाले. आणि मी काय केलं? लाजले! नवं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून गेले होते चोर व्हायला. असली मी शहाणी.

बोलपट नुकते आले होते. ही चोरांची हसवणारी गोष्ट होती. चोर सगळे आमच्यातले. मी मासळीच्या टोपलीत घड्याळ लपवणारी कोळीण. चोरीचा माल घेणारे आमचे शेजारी हसनचाचा, नारळाचे व्यापारी. त्यांची स्वतःची दाढी साहेबांना पुरेशी वाटेना, म्हणून तिच्यावर आणखी एक चिकटवलेली. नायक, फौजदार, न्यायाधीश मात्र मुंबईहूनच आले होते. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही.

मी नायकाच्या खिशात हात घातला. उजवा.

“थांबा! या हातात बांगड्या कुठायत? विधवा वाटते ही.”

डाव्या हातात चुडा होता. उजवा मोकळा. आम्हा कोळणींच्या लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या समुद्राला देतात. त्यानं नवऱ्याला सांभाळावं म्हणून. माझा नवरा त्या दिवशी समुद्रातच होता. वारा फिरला होता. बाकीच्या होड्या किनाऱ्याला लागल्या, त्याचं शीड दिसत नव्हतं.

“साहेब, ह्या हातातल्या दर्याला दिल्यात. धनी दर्यात हाय.”

साहेब हसले. “म्हणजे तुमचा समुद्रसुद्धा चोरच की!”

सगळे हसले. गावातलेही. मीसुद्धा. मोठ्या माणसानं विनोद केला की दात दाखवायचे, एवढं शिक्षण झालेलं होतं. हसता हसता नजर पाण्याकडे गेली. शीड नव्हतं. तोंड तसंच उघडं राहिलं.

साहेबांनी माझं मनगट धरलं. “चल बाई, उजेड जातोय.” सामानाच्या पेटीतली एक काचेची बांगडी माझ्या उजव्या हाताच्या बोटांवरून रेटू लागले. मी हात आखडला. त्यांनी पिळला. बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडकली.

“सोड!”

जन्मात पहिल्यांदा साहेबाला अरेतुरे. हात हिसडला. काच फुटली. तळहातातून रक्त.

“दर्याला दिलेलं परत घ्यायला लावतोस? मंग चोर कोण रं? मी का तू?”

आता कुणी हसलं नाही. हसनचाचांनी वरची दाढी ओढली, खालचे चार केसही आले. डोळ्यांत पाणी. “चल बेटी,” म्हणाले. आम्ही निघालो.

पुढं मुंबईच्या एका बाप्याला लुगडं नेसवून चित्र पुरं केलं म्हणे. दोन्ही हातांत बांगड्या. लोक फार हसले.

नवरा त्याच दिवशी दिवेलागणीला आला, फाटकं शीड घेऊन. मी बांगडी घातली असती तर तो आला नसता, असं म्हणत नाही. पण तो आला नसता, तरी त्या माणसाच्या हातून मी ती घालून घेतली नसती.

मुलं विचारतात, “आये, परत बोलावलं तर?”

जाईन की! हौस कुठं फिटलीय? चोरसुद्धा होईन. फक्त आधी विचारीन, फौजदार कोण? आमच्यातला असेल तर उभी राहीन. नसेल तर साहेबांनी कॅमेरा उचलायचा आणि आमच्या वाळूवरून चालू लागायचं.

माझा उजवा हात मोकळाच आहे.