मान हलवलेली चालत नाही

फाटकाची कडी दोनदा वाजायची. तिसऱ्यांदा कधीच नाही. मी ओढणीला हात पुसत बाहेर यावं, तर हे गृहस्थ उभे. डाव्या हातात स्टीलची वाटी, वाटीवर रुमाल, काखेत वही आणि उजव्या हाताच्या चिमटीत कुंकू लावलेले चार तांदूळ.

"रविवारी साडेचारला बैठक आहे, वहिनीजी. यायचं बरं का."

मी मान हलवायची.

"मान हलवलेली चालत नाही जी. मोठ्यानं म्हणा."

"येते."

"हां!" मग ते तांदूळ माझ्या तळहातावर पडायचे, वहीत एक बारीक रेघ ओढली जायची आणि स्वारी पुढच्या फाटकाकडे.

तुमच्याही कॉलनीत असा एखादा असेलच. नसला तर देवाचे आभार माना. आम्ही पुष्कळ वर्षं सहन केला.

आमची कॉलनी झाशीच्या बाहेर, बबीना रोडवर. मराठी घरं चाळीस. त्यातली निम्मी आमच्यासारखी, कंपनीच्या नोकरीपायी महाराष्ट्रातून आलेली, आणि निम्मी झाशीचीच, सात पिढ्यांपासूनची. हे गृहस्थ दुसऱ्या गटातले. जन्म जुन्या शहरातल्या लक्ष्मी गेटचा. तिथलं घर भावांनी विकलं, तेव्हा इथे दोन खोल्यांत येऊन राहिले. चिरगाँवच्या एका कचेरीत कारकुनी, तीस वर्षं सकाळची बस आणि संध्याकाळची बस. बायको गेलेली, मुलगा ग्वाल्हेरला. मराठी मंडळाचे सचिव म्हणून सगळे त्यांना 'सचिवजी' म्हणत. खरं नाव मी कधी विचारलं नाही. गरजच पडली नाही.

त्यांची मराठी ऐकून पहिल्या वर्षी मी उशीत तोंड खुपसून हसले होते. स्वयंपाकघराला म्हणायचे मुदपाकखाना. आणि त्याच वाक्यात, "नहाऊन येतो, मग चलू." मी अकोल्याची. माझीही मराठी काही सोवळ्यात ठेवलेली नाही, पण निदान एका तोंडात दोन शतकं तरी कोंबत नाही.

हॉलच्या भिंतीवर एक काळा फळा होता. त्यावर 'आगामी कार्यक्रम' असं ठसठशीत अक्षरात लिहून खाली यादी. अथर्वशीर्ष पठण. तिळगूळ समारंभ. मुलांसाठी मराठी वाचन. कोजागिरीला दूध ज्याचं त्यानं आणायचं, मंडळातर्फे फक्त चंद्र. आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी बैठक. या बैठकीत काय व्हायचं, सांगू? मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचलं जायचं, अगदी 'पंख्याचा आवाज येतो, अशी सूचना आली' इथपर्यंत. मग पुढच्या बैठकीची तारीख ठरायची. मग चहा. एवढ्यासाठी हा मनुष्य चाळीस घरांच्या कड्या वाजवत फिरायचा, आणि तेही अक्षता घेऊन! अहो, अक्षता लग्नामुंजीच्या देतात. पंख्याच्या आवाजाच्या कोण देतं?

पहिली अक्षत गणपतीला. कॉलनीच्या टोकाला छोटंसं देऊळ आहे, तिथे जाऊन देवाला बैठकीचं बोलावणं करायचं आणि मग घरं घ्यायची, हा नेम. एकदा मी मुद्दाम मागून गेले. म्हटलं, बघू तरी, देवाकडूनही हो वदवून घेतात का. तांदूळ ठेवले, वार आणि वेळ सांगितली, आणि खरंच थांबले की हो! चांगलं मिनिटभर. मग "हां!" म्हणून वळले. त्यांना काय ऐकू आलं, ते त्यांनाच ठाऊक. वहीत गणपतीची रेघ ओढली की नाही, तेवढं मात्र मला दिसलं नाही.

माझी मुलगी म्हणायची, "मम्मी, हाँ बोल दो, चले जाएँगे." तिला मराठी सगळी कळते, बोलायची वेळ आली की जीभ हिंदीत वळते. तिनंच एकदा त्यांना सांगितलं, "अंकल, ग्रुप बना देती हूँ न मोबाईल पे. सबको एक साथ मेसेज."

"नको बेटा," ते म्हणाले. "फोनवर काय, कोणीही हो म्हणतं."

मी आत कपाळावर हात मारून घेतला. कारण फाटकावर तरी काय वेगळं चाललं होतं? चाळीस घरं दर महिन्याला या माणसाच्या तोंडावर 'येतो', 'येते' म्हणायची आणि रविवारी आठ-नऊ जण यायचे. हे गृहस्थ वहीतल्या रेघा मोजून चाळीस खुर्च्या मांडायचे. दर महिन्याला! बरं, न आल्याबद्दल पुढच्या वेळी एक शब्द नाही. कधी विचारतील, "का हो, आला नाहीत?" तर शपथ. पुन्हा तीच वाटी, तोच रुमाल, "मोठ्यानं म्हणा जी." एवढं फसून ज्याला फसल्याचं कळत नाही, त्या माणसाची कीव यावी की चीड, मला ठरवता येईना. मी चीड निवडली. ती सोपी पडते.

मग कॉलनीच्या कमिटीत नवे अध्यक्ष आले. बबीनाच्या छावणीतून निवृत्त झालेले सुभेदारसाहेब, बुंदेलखंडी खाक्याचे, बोलणं सरळ. हॉलसाठी मागण्या फार होत्या. आमच्या शेवटच्या रविवारवर बायकांच्या झुंबा क्लासचा डोळा होता, आणि खोटं कशाला बोलू, त्यांच्या अर्जावर पाचवी सही माझी होती. सुभेदारसाहेबांनी सचिवजींना बोलावून सांगितलं, "देखिए, नौ आदमी के लिए इतना बड़ा हॉल नहीं दे सकता. अगली बैठक में तीस दिखा दीजिए, हॉल आपका. नहीं तो महिलाओं को दे दूँगा."

ही गोष्ट कॉलनीत सगळ्यांना कळली. मला तर आधी कळली.

त्या महिन्यात त्यांनी सगळा शनिवार फिरण्यात घातला. आमच्याकडे आले तेव्हा बारा वाजले होते. दाढी केलेली, अंगात परीटघडीचा सदरा. माझी साबुदाण्याची खिचडी आचेवर होती.

"मुदपाकखान्यात होता वाटतं. माफ करा जी. उद्याची बैठक जरा... उद्या तीस जण पाहिजेत, वहिनीजी. नाहीतर हॉल जातो."

"ऐकलंय मी."

"हॉल गेला तर आपल्या लोकांनी भेटायचं कुठे?"

आपले लोक! मला हसूच आलं. महिनोन्‌महिने जे भेटत नाहीत, ते उद्यापासून कुठे भेटणार याची या माणसाला काळजी. पण खिचडी खाली लागत होती. मी म्हटलं, "येते."

"सगळे या. तुम्ही, साहेब, बेटी. तिघंही."

"हो हो, तिघंही येतो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी चटकन हात पुढे केला. हात खिचडीच्या तुपानं माखलेला होता, म्हणून त्यांनी अक्षता फाटकावरच ठेवल्या, कडीच्या खोबणीत. वहीत एक नाही, तीन रेघा ओढल्या.

रविवारी साडेचारला मी सोफ्यावर होते. आमच्या खिडकीतून हॉलचं दार समोर दिसतं. कोण कोण येतंय ते मी पाहत होते, मोजतही होते. सव्वापाचला नऊ झाले. मी दहावी झाले असते, तरी वीस कमीच पडणार होते, मग जाऊन उपयोग काय? मुलगी येऊन म्हणाली, "मम्मी, जाना नहीं है? आपने तो बोला था."

"बस गप," मी म्हटलं.

साडेपाचला सुभेदारसाहेब आत गेले. दोन मिनिटांत बाहेर आले. पुढे अर्धा तास मी त्या दारातून एक माणूस खुर्च्या मिटून भिंतीला लावताना पाहिला. एका वेळी दोन, डाव्या हातात एक, उजव्या हातात एक. चाळीस खुर्च्या. बाकीचे आठ जण चहा पिऊन कधीच पांगले होते. मला सचिवजींचा इतका राग आला म्हणून सांगू! अरे, चिड ना एकदा. ये आमच्या फाटकावर आणि विचार, काय बाई, तीन रेघा ओढल्या होत्या, कुठे मेलात तिघं? पण नाही. हा माणूस खुर्च्या लावत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीचा ठेला दारात आला. मी फाटकाशी उभी राहून भेंडी निवडत होते, तेवढ्यात सुभेदारसाहेब फिरायला निघालेले थांबले.

"भाभीजी, आपके सचिवजी भी अजीब आदमी हैं. मैंने पूछा, आज लोग क्यों नहीं आए? बोले, इस बार मैं घरों में बुलाना ही भूल गया. लोगों का कोई दोष नहीं, ग़लती मेरी है."

हातातली भेंडी मी पुन्हा ठेल्यावर टाकली.

"मुझे विश्वास नहीं होता," ते पुढे म्हणाले. "शनिवार को मैंने खुद उनको कटोरी लेकर घूमते देखा था. आप बताइए, आपके यहाँ आए थे कि नहीं? आए थे तो मतलब आदमी ने मेहनत की है. एक महीना और दे दूँगा."

म्हणजे बघा, सगळं माझ्या एका 'हो'वर येऊन थांबलं होतं. मोठ्यानं म्हणायचं एक 'हो'. आणि त्या अक्षता माझ्या डोळ्यांसमोर कडीच्या खोबणीत होत्या. चार दाणे, कुंकू थोडं फिकटलेलं. हो म्हणावं तर त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता: फिर आप क्यों नहीं आईं? त्याला मी काय सांगणार होते? खिचडी लागत होती म्हणून हो म्हटलं? झुंब्याच्या अर्जावर माझी सही आहे म्हणून गेले नाही?

"पता नहीं," मी म्हटलं. "शनिवारी मी... मैं बाहर गई थी."

म्हणताना माझा हात कडीवर होता. दाणे झाकले जावेत म्हणून मी तो तिथे ठेवला होता, हे आज कबूल करते.

"हाँ, बाकी लोग भी यही कह रहे हैं," सुभेदारसाहेब म्हणाले. "बूढ़े हो गए हैं. भूल गए होंगे." आणि चालू लागले.

बाकी लोकही! म्हणजे सगळी कॉलनीच शनिवारी बाहेर गेली होती. एका माणसानं चाळीस घरांची लाज झाकायला स्वतःला विसराळू म्हणवून घेतलं, आणि चाळीस घरांनी ते आनंदानं खरं करून दिलं. मला माझी शिसारी आली. आणि खरं सांगते, त्यांचाही राग गेला नाही. असला चांगुलपणा काय कामाचा, जो समोरच्याला उघडं पाडायचं तेवढं पाडतोच, वर एक शब्दही बोलत नाही? भांडले असते तर मी दोन उत्तरं दिली असती आणि मोकळी झाले असते.

हॉल गेला. फळा पुसून त्यावर झुंब्याच्या वेळा लागल्या. मी दोन रविवार गेले, मग गुडघा धरला. सचिवजी कधी रस्त्यात दिसले, तर हात जोडायचे. मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची. चाळीस मराठी घरं त्यानंतर एकत्र जमली नाहीत. आधीही जमत नव्हती म्हणा, पण आधी निदान महिन्यातून एकदा कोणीतरी दारात येऊन आपल्याला मोजत होतं.

तीनेक महिन्यांनी, एका सकाळी, कडी दोनदा वाजली. मी ओळखली. धावत बाहेर आले म्हटलं तरी चालेल.

हातात वाटी नव्हती. मागे रस्त्यावर रिक्षा उभी, तिच्यात एक ट्रंक आणि वळकटी.

"मुलगा बोलावतोय, वहिनीजी. ग्वाल्हेरला चाललो. कायमचाच."

"असं एकदम?" मी म्हटलं. त्या शनिवारबद्दल बोलावं असं घशापर्यंत आलं. "काका, त्या वेळी आम्ही..."

"खिचडी लागली होती ना त्या दिवशी? वास आला होता," ते म्हणाले आणि हसले. माझ्यासाठी सबबसुद्धा त्यांनीच आणली होती. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "ग्वाल्हेर काही लांब नाही. सगळे यायचं बरं का. तिघंही."

मी या वेळी मान हलवली नाही. मोठ्यानं म्हणायचं म्हणून श्वास घेतला, तोंड उघडलं. पण ते थांबलेच नव्हते. यायचं बरं का म्हणून झाल्याबरोबर वळले आणि रिक्षात जाऊन बसले.

"येते!" मी फाटकातून ओरडले. "काका, येते मी!"

रिक्षा सुरू झाली होती. आतून मुलगी आली आणि म्हणाली, "किससे बोल रही हो, मम्मी?"