गुरुजींची गिटार आणि माझी वायर

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. सांगितली असती तर चूक कुणाची होती, हेही सांगावं लागलं असतं.

अंबडला वायरीच्या कारखान्यात मी तपासणीला होतो. संध्याकाळी एका ऑर्केस्ट्राचा साउंड सांभाळायचो. आमचे गिटारवादक कळवणचे शाळामास्तर. एसटीने यायचे, गिटार मांडीवर घेऊन.

माझा हट्ट असा की मिक्सर प्रेक्षकांच्या मागेच हवा आणि वायरीला मध्ये जोड नको. म्हणून गिटारीपासून मिक्सरपर्यंत कारखान्यातल्या उरलेल्या वायरीची मी सत्तर फुटांची अखंड लांबी बनवली. सगळ्यांनी कौतुक केलं. त्या दिवसापासून गुरुजींची गिटार दबकी वाजू लागली.

"गुरुजी, गिटारीवर गोधडी घातली की काय?" कीबोर्डवाला म्हणाला.

"भाऊ, तेवढी वायर बघा ना," गुरुजी मला म्हणाले. "घरी छोट्या वायरीवर नीट वाजते हो."

मी सगळ्यांसमोर तीच वायर कीबोर्डला लावली. खणखणीत आवाज आला. "वायर झकास आहे, गुरुजी. आता बोटांचं बघा." सगळे हसले. गुरुजीही हसले.

पुढच्याच आठवड्यात कारखान्यात मीटरसमोर बसलो असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आतली तार आणि भोवतीची जाळी मिळून वायर थोडी वीज धरून ठेवते. त्याला कपॅसिटन्स म्हणतात, आणि लांबी वाढली की तोही वाढतो. कीबोर्डचा सिग्नल दमदार, त्याला सत्तर फूट जाणवत नाहीत. गिटारीच्या तारांखालच्या पिकअपचा सिग्नल अशक्त. त्यातल्या वरच्या सुरांची धार वायरीतच मरते. म्हणजे माझी ती चाचणीच खोटी होती. कपॅसिटन्स मोजण्याचा तर मी पगार घेत होतो.

त्याच रविवारी ऑर्केस्ट्राच्या मालकाने मला बाजूला घेतलं. "गुरुजींना थांबवावं म्हणतोय. वायर नक्की बरी आहे ना?"

मिक्सर स्टेजजवळ आणून वायर दहा फुटांची केली असती तर काम झालं असतं. पण सगळ्यांसमोर मारलेली फुशारकी परत घ्यावी लागली असती. मी म्हणालो, "वायरीत काही नाही."

गुरुजींना थांबवलं. त्यानंतर त्यांनी कुठेच वाजवलं नाही.

निवृत्त झाल्यावर एकदा मुद्दाम कळवणला गेलो. त्यांनी चहा केला आणि स्वतःच विषय काढला. "बरं केलंत भाऊ, वेळेवर सांगितलंत. माझ्या बोटांत दम नव्हता, आणि मला उगाच वाटायचं वायरीचा दोष आहे." त्यांचा स्वतःच्या कानांवरचा विश्वासच मी काढून घेतला होता. तोंड उघडायला तेव्हाही जागा होती. मी कांद्याचे भाव विचारले आणि उठलो.

मागच्या वर्षी ते गेले. त्या दिवशी चहा पिताना जे बोलायचं होतं, ते एवढंच: गुरुजी, तुमची बोटं ठीक होती, कानही ठीक होते. दोष माझ्या वायरीत होता, आणि तो कळल्यावरही मी खोटं बोललो. मला माफ करा.