डेल्मरचा हक्काचा शत्रू

डेल्मर होग्लंडला हळू आवाजात बोलताना आमच्या गावात कुणी ऐकलेलं नाही. गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचं त्याचं दुकान आहे, आणि दिवसभर त्या यंत्रांवर ओरडून ओरडून त्याचा घसा तयार झाला आहे. मी सगळं आयुष्य रंगमंचावर काढलं. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचावा म्हणून आम्ही नाटकवाल्यांनी मिठाच्या गुळण्या केल्या, पोटावर जाड पुस्तकं ठेवून श्वास घेतले. डेल्मरला ते सगळं न करताच साधलं होतं. एकदा मी त्याला राजाच्या दूताचं काम दिलं. एकच वाक्य होतं. ते त्यानं असं ठोकलं, की पहिल्या रांगेत बसलेल्या पाद्रीसाहेबांचं श्रवणयंत्र शिट्ट्या मारायला लागलं.

आमचं गाव बार्लो, अमेरिकेच्या ऐन मध्यावर. गावात बार्लो स्टेट कॉलेज आणि गावाहून मोठं वाटणारं फुटबॉलचं मैदान. आमच्या संघाला म्हणतात साळिंदरं, रंग नारिंगी. नदीपलीकडे कोल्टनचं शेतकी कॉलेज. त्यांची खेचरं, रंग जांभळा. साळिंदरं आणि खेचरं आमच्या आजोबांच्या काळापासून दर नोव्हेंबरात एकमेकांना भिडत आलेली, एक वर्ष आमच्याकडे, एक वर्ष त्यांच्याकडे. सामना दुपारचा असला तरी सकाळपासून लोक मैदानाबाहेरच्या आवारात पिकअप गाड्यांच्या मागच्या फळ्या पाडून शेगड्या मांडतात. मग खाणं, पिणं, आणि पाहुण्यांची यथास्थित अब्रू काढणं.

डेल्मरची जागा पाण्याच्या नळाशेजारी. तरुणपणी एकदा तो पोचला, तर तिथं जांभळी टोपी घातलेला एक रुंद माणूस शेगडी पेटवत होता.

"ही जागा माझी आहे," डेल्मर म्हणाला.

"नाव कुठं लिहिलंय? वाचून दाखव बरं. तुमच्या कॉलेजात वाचायला शिकवतात ना?"

"तुमच्या कॉलेजात तर मास्तरच चार पायांवर येतात म्हणे."

तो माणूस म्हणजे बर्डेट क्रेबील, कोल्टनचा डुकरं पाळणारा. भांडण मिटेना, तेव्हा दोघांनी गाड्या एकमेकींना चिकटवून लावल्या. पुढच्या वर्षीही ते मिटलेलं नव्हतं, म्हणून पुन्हा तशाच लावल्या. त्यानंतर ते मिटू नये याची दोघांनीही नीट काळजी घेतली. डेल्मर मिरचीचं झणझणीत कालवण आणि दालचिनीचे गोड रोल आणायचा. आमच्याकडे ते बरोबरच खातात. बर्डेट घरच्या डुकरांच्या बरगड्या भाजायचा. एकमेकांच्या जेवणाला नावं ठेवत दोघे ते चाटूनपुसून खायचे. आणि ज्याचा संघ हरेल त्यानं रविवारी चर्चला जाताना दुसऱ्याचा रंग अंगावर मिरवायचा, असा त्यांचा करार होता.

डेल्मरची बायको इर्मा गेली ती अशाच एका सामन्यानंतरच्या आठवड्यात. दफनाला बर्डेट आला, भडक नारिंगी टाय लावून. डेल्मरसमोर उभा राहून म्हणाला, "यंदा आम्ही हरलोय म्हणून घातलाय. गैरसमज नको." त्या आठवड्यात डेल्मर हसला तो तेवढाच.

एरवी वर्षभर दोघांचा एकमेकांना फोन नाही, की चिठ्ठी नाही. आमच्याकडे पुरुषमाणूस दुसऱ्या पुरुषाच्या घरी नुसता भेटायला जात नाही. काही मोडलेलं असावं लागतं, काही उचलायचं असावं लागतं, किंवा सामना असावा लागतो.

आणि मग आमचं कॉलेज समुद्रावर गेलं.

म्हणजे गाव होतं तिथंच राहिलं, चहूकडे मका आणि गहू. पण कॉलेजचे क्रीडासंचालक प्रेस्टन वँडिव्हर यांनी जुनी नदीकाठची लीग सोडली आणि टीव्हीच्या पैशांसाठी आम्हाला 'किनारा महासंघा'त नेऊन बसवलं. आमच्यापासून जवळातला जवळचा समुद्र गाठायला दोन विमानं बदलावी लागतात. ही गोष्ट भूगोलाच्या एका प्राध्यापकांनी उभं राहून सांगितली, तर त्यांना सकारात्मक विचारांच्या शिबिराला पाठवण्यात आलं. मैदानाच्या कडेनं निळ्या लाटा रंगवल्या. साळिंदराच्या डोक्यावर खलाशाची टोपी चढवली, ती काट्यांवर नीट बसेना म्हणून काटे कापले. व्हॉलीबॉलच्या मुली मंगळवारच्या सामन्यासाठी अटलांटिकच्या काठावर जायला लागल्या आणि सहामाहीचे पेपर विमानतळावरच्या खुर्च्यांत सोडवायला लागल्या. मी जिथं नाटक शिकवायचे ते कॉलेजचं नाट्यगृह पाडून तिथं खेळाडूंच्या विश्रांतीसाठी धबधबा बसवला. मी मुद्दाम जाऊन पाहून आले. प्रवेश झोकात घेतो, पण रंगमंच सोडायचं कुठं ते त्याला कुणी सांगितलेलं नाही.

गावकऱ्यांना हे सगळं समजावून देण्यासाठी सभा झाली. निळे फुगे होते. डेल्मर उठला.

"खेचरांशी सामना कधी?"

"तुमच्या भावना मला समजतात, मिस्टर होग्लंड," वँडिव्हर छातीवर हात ठेवून म्हणाले. "पण कोल्टन आता आपल्या उंचीचं राहिलेलं नाही."

"मागच्या वर्षी त्यांनी आपल्याला धुतलं की!"

"तो खेळ झाला. मी उंचीबद्दल बोलतोय."

महासंघाच्या करारात एक कलम होतं: प्रत्येक कॉलेजला एक परंपरागत वैरी हवा, प्रेक्षक त्यानं वाढतात. आम्हाला न्यू जर्सीतलं हॅडली पॉइंट नावाचं कॉलेज वाटून दिलं. परंपरा येत्या सप्टेंबरपासून सुरू व्हायची होती. जिंकणाऱ्याला द्यायची फिरती ढाल म्हणून पितळेचा दीपस्तंभ बनवून घेतला, आणि तो पिढीजात दिसावा म्हणून कारखान्यातूनच पोचे पाडून आणला.

वैर तयार होतं, पण ते करायला माणूस हवा होता. टीव्हीवाल्यांनी सांगितलं, सामन्याच्या सकाळी आम्हाला एक अस्सल जुना समर्थक दाखवा, वैऱ्यावर आग पाखडणारा. कुणाचंही बोट डेल्मरकडेच गेलं असतं. एव्हाना आवारातल्या जागा देणगीच्या आकड्याप्रमाणे वाटल्या जात होत्या, आणि नळाशेजारच्या जागेसाठी लागणाऱ्या देणगीत डेल्मरचं दुकान यंत्रांसकट आलं असतं. वँडिव्हरसाहेबांनी निरोप धाडला: द्वेष नीट केलात, तर जागा तहहयात तुमची.

डेल्मर माझ्याकडे आला. टोपी हातात.

"विनी, मला द्वेष शिकव."

"कुणाचा?"

"हॅडली पॉइंटचा. समुद्राला लागून आहे म्हणे. अगं, पण त्यांनी माझं काय वाकडं केलंय?"

"मग नाही म्हण ना."

"जागा जाईल."

"जाऊ दे की. बर्डेट थोडाच येणार आहे आता?"

तो खुर्ची ओढून बसला. मग, त्याच्या मानानं हळू, म्हणजे शेजारच्या घरातच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "जागा राहिली तर कधीतरी येईल. चुकून. या बाजूला काही काम निघालं तर. जागाच नसली तर तो उभा कुठं राहणार? आणि मी त्याच्याकडे काय सांगून जाऊ? वय झालंय गं दोघांचं."

मग मी शिकवलं. आधी हॅडली पॉइंटच्या लोकांविषयी काही वाईट गोळा करून बघितलं. त्यांची गाडी पार्क करायची पद्धत, बोलण्याचा हेल. डेल्मर प्रत्येक गोष्टीला "असेल बिचाऱ्यांचं काही" म्हणायचा. शेवटी मी त्याला आमच्या धंद्यातली जुनी युक्ती सांगितली. समोरचा नट मनात भरत नसेल, तर त्याच्या जागी ज्याला बघून खरंच रक्त तापतं असा माणूस उभा आहे असं समजायचं, आणि वाक्य म्हणायचं.

"कुणीही?"

"कुणीही."

डेल्मरचा चेहरा एकदम उजळला. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

टीव्हीच्या सोयीसाठी सामना सकाळी ठेवलेला, त्यामुळे लोक मिरचीचं कालवण न्याहारीला खात होते. नळापाशी कॅमेरे लागले. वैरी म्हणून हॅडली पॉइंटचं एक वयस्कर जोडपं आणून उभं केलं, विन्स आणि डोरीन अनुन्झियाटा. डोरीनबाईंनी घरून केक करून आणला होता.

"केवढं मोठं आकाश आहे हो तुमच्याकडे!" त्या डेल्मरला म्हणाल्या. "आणि हा रोल तुम्ही कालवणात बुडवून खाता? विन्स, खाऊन बघ. अरे, खा तर!"

"आणखी घ्या ना," डेल्मर म्हणाला. "संकोच करू नका."

"मिस्टर होग्लंड," टीव्हीची मुलगी कळवळून म्हणाली, "आता आपलं थेट प्रक्षेपण सुरू होणार आहे. थोडा तरी द्वेष, प्लीज."

डेल्मरनं टोपी सारखी केली. डोळे मिटले. मी शिकवला तसा पोटातून श्वास घेतला. डोळे उघडले, ते विन्सच्या चेहऱ्यातून आरपार गेले.

"ए डुकरवाल्या!" त्याचा आवाज लागला. "तुझी खेचरं नदीत पाणी प्यायला उतरतात ना, तर मासेसुद्धा गाव सोडून जातात! तुमच्या कॉलेजला कुंपण पोरं पळू नयेत म्हणून घातलंय, की मास्तर? अरे कोल्टनच्या चिखला, ये की इकडे, ये! घाबरलास? लपून बसलास?"

शेवटचे शब्द जरा फाटले. मग पलीकडच्या गाडीवरून कुणीतरी ओरडलं, "खेचरं लंगडी!" आणि उन्हाळाभर निळ्या लाटा आणि खलाशाच्या टोप्या मुकाट गिळलेलं सगळं आवार एका सुरात गर्जायला लागलं: खेचरं लंगडी, खेचरं लंगडी! अनुन्झियाटा नवराबायकोही टाळ्या वाजवून ओरडत होते. पाहुणचाराची परतफेड असावी. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली.

महासंघानं कॉलेजला खुलासा मागितला. महासंघाबाहेरच्या वैऱ्याची थेट प्रक्षेपणात फुकट जाहिरात झाली होती. नळाजवळच्या जागेवर एका बँकेचा तंबू लागला. नोव्हेंबर आला आणि गेला. डेल्मरच्या दुकानात यंत्रांचा आवाज होता, त्याचा नव्हता. मी दोनदा डोकावले. दोन्ही वेळा तो "ठीक आहे" म्हणाला, आणि मला ते नीट ऐकूही आलं नाही.

नाट्यगृह गेल्यापासून माझ्याकडे बोलणं शिकायला येतात ती फक्त शेतकी विभागातली मुलं. जनावरं पारखण्याच्या स्पर्धा असतात. चार डुकरं नाहीतर चार कालवडी समोर सोडतात, मुलांनी त्यांचा क्रम लावायचा, आणि मग परीक्षकासमोर कागद न बघता उभं राहून सांगायचं, ही पहिली का, ती शेवटची का. अस्सल स्वगतं असतात ती. मॅरिसेल ओर्नेलास नावाची एक मुलगी माझ्यासमोर एका डुकरिणीच्या मागच्या पायांचं असं वर्णन करत होती की मी उठून टाळ्या वाजवल्या.

"स्पर्धेला कोण कोण येतं?" मी विचारलं.

"यंदा कोल्टन आहे, मॅडम."

"कोल्टन? आणि महासंघाला चालतं?"

"डुकरांना महासंघ नाही, मॅडम. आम्हाला टीव्हीवर कोण दाखवतंय?"

मी कोट अडकवून तडक डेल्मरच्या दुकानात गेले. त्यानं ऐकून घेतलं. हात पुसले. फोन उचलला आणि कुठंही न बघता आकडे दाबले. पलीकडचा आवाज मला दारातून ऐकू येत होता.

"कोण?"

"मी. होग्लंड."

"कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. शनिवारी तुमची पोरं डुकरं पारखायला इकडे येतायत. आमच्या पोरी त्यांना मातीत लोळवणार आहेत, म्हटलं आधी सांगून ठेवावं."

पलीकडे खुर्ची करकरली. मग, "तुमच्या पोरींना सांग, डुकराचं तोंड पुढच्या बाजूला असतं."

स्पर्धा जत्रेच्या मैदानातल्या मोठ्या गोठ्यात होती. प्रेक्षक म्हणजे मुलांचे आईबाप आणि एक कुत्रा. सगळे चर्चमध्ये बसल्यासारखे शांत, कारण तिथं बोलायचं नसतं. डेल्मर डोक्यापासून पायापर्यंत नारिंगी, समोरच्या बाकावर बर्डेट जांभळा. बर्डेट काठी टेकत आला होता, आधी ती नव्हती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. पहिली चार डुकरं आत आली. मुलं वहीत खुणा करायला लागली.

"तिसरीचे पाय बघा रे!" डेल्मर.

"डोळे असते तर बघितले असते!" बर्डेट. "इथं पन्नास वर्षं डुकरांत गेली माझी!"

"ते दिसतंच आहे!"

परीक्षक ट्रॉयरबाईंनी बोट उचललं. "गृहस्थहो, इथं शांतता असते."

"शांतताच आहे, बाई. हा माणूस सोडून."

कालवडी यायच्या आधीच दोघांना बाहेर काढण्यात आलं. ट्रॉयरबाई म्हणाल्या, एवढ्या वर्षांत त्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदा आली.

स्पर्धा संपल्यावर निकाल सांगायला मी बाहेर गेले. दोन गाड्या चिकटून लावलेल्या, मागच्या फळ्या पाडलेल्या, कालवणाची वाफ येत होती. दोघे पाय लोंबकळत ठेवून बसले होते. निकाल कुणी विचारला नाही.

"दालचिनी जास्त झालीय," बर्डेट तोंडातला घास न संपवता म्हणाला.

"मग खाऊ नकोस."

"पुढच्या महिन्यात आमच्याकडे मेंढ्यांची स्पर्धा आहे."

"तुला मेंढ्यांतलं काय कळतं?"

"काही नाही."

"मलाही नाही," डेल्मर म्हणाला. "कितीला पोचायचं?"